लांबची लेन्स

"खिशात मावेल असा छोटा कॅमेराच दाखवा," विमल खोतने दुकानदाराला पुन्हा सांगितलं. नदीतली वाळू चोरणाऱ्या ट्रॅक्टरांचे फोटो तिला तहसीलदारांना द्यायचे होते. दुकानदार बजरंग माळीला मात्र तिने सहलीचं कारण सांगितलं होतं.

त्याने छोटा कॅमेरा बाजूला सारला आणि डीएसएलआर तिच्यापुढे ठेवला. "ताई, हा घ्या. नवशिक्यालाही जमतो."

"एवढं धूड गळ्यात अडकवलं तर सगळ्यांना दिसेल की!"

"दिसलं तर बिघडलं कुठे? सहलीलाच जाताय ना?"

विमल चपापली. त्याच्यामागच्या भिंतीवर लग्नातला एक फोटो होता. त्यात बजरंगच्या खांद्यावर हात टाकून उभा असलेला माणूस तिने ओळखला. गेल्या आठवड्यात ती ट्रॅक्टरांचे फोटो काढत असताना त्यानेच तिचा मोबाइल नदीत भिरकावला होता. म्हणजे आपण त्यांच्या हाती सापडावं म्हणूनच हा मोठा कॅमेरा गळ्यात मारतोय! ती पर्स उचलून निघाली.

"तो माझा धाकटा भाऊ," बजरंग खालच्या आवाजात म्हणाला. "तुमचा मोबाइल फेकतानाचा व्हिडिओ त्यानेच मला हसत दाखवला. छोट्या कॅमेऱ्यात ट्रॅक्टरचे नंबर यायला जवळ जावं लागेल, आणि या खेपेला ते तुम्हाला सोडणार नाहीत. याची लांबची लेन्स पलीकडच्या काठावरूनही नंबर टिपते."

"आणि त्यात तुमच्या भावाचाच ट्रॅक्टर आला तर?"

बजरंगने लेन्स पुसून कॅमेऱ्याला बसवली. "वाळू गेली तशी आमची विहीर आटली, ताई. त्याचाच आधी घ्या."