तिसरा धपाटा

“बाळ उलटं आहे,” अध्यक्ष म्हणाले.

मूर्तिकाराच्या शेडमध्ये हे कुणीच नाकारलं नाही. बाळ उलटंच होतं. गावाच्या सुईणीचा ओल्या मातीचा पुतळा फिरत्या पाटावर उभा होता. डाव्या हातात तिने बाळाचे दोन्ही पाय घोट्यापाशी धरले होते आणि उजवा हात उगारला होता. पुतळा माणसाच्या दीडपट, म्हणून बाळही दीडपट. एवढं मोठं बाळ तिच्या हातून कधी जन्मलं नव्हतं, पण तेही तिने सहज धरलेलं दिसत होतं.

सुईणीची लेक पुतळ्याशेजारी हाताची घडी घालून उभी होती. उद्या साच्यासाठी प्लॅस्टर चढणार होतं. त्यानंतर काही हलणार नव्हतं. आज मात्र सगळी मातीच होती. स्मारक समितीच्या अध्यक्षांनी नुसती मान हलवली असती, तर मूर्तिकाराने अर्ध्या तासात तिच्या आईची कुणाचीही आई करून टाकली असती.

“गैरसमज नको, ताई,” अध्यक्ष म्हणाले. “आईंबद्दल आम्हाला आदरच आहे. उगाच का चौकात जागा दिली? पण बाळ कसं, कुशीत हवं. चेहऱ्यावर माया हवी. ही तर मारायला निघालीय.”

“मारायचीच ती,” लेक म्हणाली. “गावातला एक माणूस सुटला नाही, दादा. तुमच्या खुर्चीत आधी बसून गेले ते तिघेही नाहीत.”

“समोर शाळा आहे,” समितीचे चिटणीस हळूच म्हणाले. “मास्तरांना वाटेल, टोमणा आहे.”

चिटणिसांनी घरून तीन पर्याय लिहून आणले होते. पहिला, बाळ कुशीत. दुसरा, बाळ नकोच, हातात पुस्तक.

“तिला वाचता येत नव्हतं,” लेक म्हणाली.

“ते पुतळ्यावरून कुठे कळतंय?”

तिसरा पर्याय कबुतराचा होता. तो त्यांनी मनातल्या मनात वाचला आणि कागदाची घडी केली.

मूर्तिकाराने फडक्याला हात पुसले. “मला काय, माती आहे. म्हणाल तशी वळवतो. फक्त बाळ कुशीत घ्यायचं तर चेहराही बदलावा लागेल. हा चेहरा कुशीत घेणारीचा नाही.”

लेकीने चेहऱ्याकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले, भुवया जवळ आलेल्या, सगळं लक्ष कानात. घरी आईचा हा चेहरा कधी दिसायचा नाही. घरी ती दमलेली असायची. लेकीने तो एकदाच पाहिला होता, स्वतःच्या पहिल्या बाळंतपणात. मूर्तिकारासमोर आठ दिवस बसून, तोंडी सांगून सांगून, तिने तो मातीत उतरवून घेतला होता.

“कुशीत घेणारी घरोघरी आहे,” ती म्हणाली. “तिच्यासाठी चौक कशाला अडवता? कुशीत द्यायला आधी बाळ रडावं लागतं. हिचं काम तेवढंच होतं.”

अध्यक्षांनी घसा साफ केला. आता निर्णय येणार, हे सगळ्यांना कळलं.

“हे बघा, समितीचं असं मत आहे की—”

“रडलं का?”

आवाज दाराजवळच्या खुर्चीतून आला. तिथे अध्यक्षांची आई बसली होती. वय नव्वद. तिला गाडीत एकटीला कसं ठेवायचं म्हणून आत आणलं होतं, मत घ्यायला नव्हे. काठी टेकत ती पुतळ्यापाशी आली आणि बाळाच्या पाठीला नाक लागेल इतकी वाकली.

“आई, पुतळा आहे तो.”

“दिसतंय मला. रडलं का?”

“अजून नाही, काकू,” लेक म्हणाली.

“मग थांबवताय कशाला तिला?” म्हातारी आपल्या मुलाकडे वळली. “तू निळा होतास. वांग्यासारखा. हिने असंच पायाला धरून दोन धपाटे घातले, तरी हूं नाही की चूं नाही. मी तर भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. ही काही थांबली नाही. तिसऱ्या धपाट्याला रडलास.” तिने दम घेतला. “त्यानंतर गप्प बसलाच नाहीस.”

चिटणिसांना खोकला आला.

अध्यक्ष मात्र खरंच गप्प बसले. त्यांनी हात मागे नेला आणि पोचेल तिथवर स्वतःची पाठ चाचपून पाहिली.

“आणि ही पुरुषमाणसं इथं काय करतायत?” म्हातारीने काठी आपटली. “बाई कामात आहे. व्हा बाहेर!”

तिघेही बाहेर गेले. शेड मूर्तिकाराची होती, तरी तोही गेला. लेकीने दार लोटलं.

“जसं आहे तसंच राहू दे,” बाहेरून अध्यक्षांचा आवाज आला. “उद्या प्लॅस्टर चढव. त्या उजव्या हाताला कुणी बोट लावायचं नाही.”

मग दारापलीकडे पावलं वाजत राहिली. नुसत्या येरझाऱ्या. आणि मग दाराच्या फटीतून, कुठल्याही सभेत कुणी ऐकला नव्हता अशा बारीक आवाजात:

“ताई... सगळं ठीक आहे ना?”

लेकीने पुतळ्याकडे पाहिलं. दाराबाहेर घुटमळणाऱ्या पुरुषाला तिची आई एकच उत्तर द्यायची. पाणी दर वेळी लागायचंच असं नाही, पण माणूस कामाला लागायचा.

“पाणी तापवा!” ती आतून ओरडली.

आणि बाहेर तीन माणसं एकदमच धावत सुटली.