हॉप्स शेवटी घालायचे

"थांब! अजून नाही!" सियोन ओरडला, आणि शुलामीथने हॉप्सची पुडी परत ओट्यावर ठेवली.

गॅसवर कपडे उकळायचं मोठं पातेलं होतं, आणि त्यात मोड आणलेल्या बार्लीच्या माल्टचा काळपट रस रटरटत होता. इल्फर्डच्या त्या चिमुकल्या किचनच्या खिडक्या वाफेने पांढऱ्या झाल्या होत्या. त्या हिवाळ्यात कोळसा खाणकामगारांच्या संपामुळे लंडनभर वीज जात-येत होती, पण सियोनच्या बिअरला मेणबत्तीचाही उजेड चालायचा.

"थोडे हॉप्स आधी घातलेत ना? मग हे का राहिले?"

"ते कडूपणासाठी. उकळत राहिले की त्यांचा वास उडून जातो. हे शेवटी घालायचे, गॅस बंद करता करता. मग वास बिअरमध्येच राहतो."

शुलामीथला हे उत्तर पाठ होतं, तरी ती दर वर्षी मुद्दाम विचारायची. ते सियोनचं शहाणपण नव्हतंच. तेव्हा केंब्रिजला शिकणारी त्यांची लेक ईवा सुट्टीत घरी आली की बापलेक मिळून बिअर करायचे. "पप्पा, तुम्ही सगळा वास छताला पाजताय," असं म्हणून तिनेच त्याला हे शिकवलं होतं.

पण ईवाचं नाव आता या घरात निघत नसे. चार वर्षांपूर्वी तिने ज्यू समाजाबाहेर, एका हिंदू मुलाशी लग्न केलं. सियोनने प्रेषित एलियाहू हनाबीच्या नावाने शपथ घेतली, "मी तिचं तोंड पाहणार नाही. या घरातला घास तिला मिळणार नाही, की घोट मिळणार नाही." तिची पत्रं त्याने न उघडता परत पाठवली. मग पत्रं यायची थांबली, आणि लेक कुठे राहते हेही शुलामीथला कळेनासं झालं. रस्त्यात कुणी ईवासारखी लांब वेणीची मुलगी दिसली की तिचा जीव गलबलायचा.

सियोनने गॅस बंद केला, हॉप्सची सुकी फुलं पातेल्यात सोडली आणि डोळे मिटून वास घेतला. शुलामीथला त्याचा राग आला. लेकीची युक्ती चालते, लेक चालत नाही!

ज्यूंचा पेसाखचा सण तोंडावर आला, तोवर बिअर बाटल्यांत भरून तयार झाली होती. शुलामीथची आजी याला मडकं झाकायचा सण म्हणायची. आंबवलेलं काही म्हणता काही घरात ठेवायचं नाही. टाकून द्या, नाहीतर परधर्माच्या माणसाला रीतसर विका; पैसे हाती आले की ती वस्तू आपल्या घरची उरत नाही. शेजारचे बेंजामिन आपली व्हिस्की खालच्या इंग्रज म्हातारीला विकत, आणि सण संपल्या दिवशी धावत जाऊन परत घेत.

सियोन गेली तीन वर्षं आपली बिअर लंडनच्या दुसऱ्या टोकाला, हॅरोच्या कुणा डॉक्टर माधवला एका नाण्याला विकत होता. स्वतः नेऊन पोचवायचा. परत मात्र कधी आणायचा नाही.

"अहो, सणानंतर करा ना बिअर," शुलामीथ दर वर्षी सांगे. "मग विकायची भानगडच नको."

"मला जमतं तेव्हा मी करतो."

"निदान परत तरी आणा. तुम्ही तर चाखायलाही बाटली ठेवत नाही."

"तोवर वास उतरतो. ताजी आहे तोवर पिऊ दे की त्यांना."

यंदा तिच्याने राहवलं नाही. "पोटच्या पोरीला घोट नाही, आणि हॅरोच्या डॉक्टरला पिशवी भरून बाटल्या! तो आपला कोण लागतो?"

सियोनने पाय लांब केला. तो गुडघा चोळत बसला.

"आज तूच जा," तो म्हणाला. "माझा गुडघा धरलाय."

"सकाळी तर स्टुलावर चढून कपाटावरच्या बाटल्या काढल्यात!"

"म्हणूनच धरला असेल." त्याने बाटल्या एकेक करून जुन्या टॉवेलात गुंडाळल्या. "दारात ठेवून पळू नकोस. आत जाऊन बस. चहा विचारला तर नाही म्हणू नकोस. आणि नाणं घेतल्याशिवाय बाटली हातची सोडू नकोस, नाहीतर सौदा होत नाही."

"परक्या घरी जाऊन बसू?"

"बस जरा. परत यायची घाई नाही."

फाटकापर्यंत तो तिला सोडायला आला. लंगडत नव्हता, हे तिच्या ध्यानात आलं. पण ट्रेनची वेळ झाली होती, आणि या माणसाशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालं होतं?

लिव्हरपूल स्ट्रीटला गाडी बदलून ती मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेनमध्ये बसली. मांडीवर पिशवी घट्ट धरली होती. समोर एक बाई आपल्या मुलीची वेणी घालत होती. शुलामीथने मान वळवली आणि हॅरो येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिली.

घर सापडायला त्रास पडला नाही. तिने बेल दाबली, नवऱ्याच्या नावाने एकदा पुटपुटली, आणि नाण्यासाठी हात पुढे करायचा की नाही याचा विचार करत उभी राहिली.

दार ईवाने उघडलं.

 ती रडत रडत आईच्या गळ्यात पडली, आणि शुलामीथने तिला पिशवीसकट पोटाशी धरलं. आत जाताच तिने एक बाटली सोडवून लेकीपुढे धरली. पण ईवाने ती घेतली नाही. डोळे पुसत तिने फडताळावर काढून ठेवलेलं एक नाणं आणलं आणि आईच्या मुठीत कोंबलं.

"आई, आधी हे घे. पप्पांनी माझ्या सासऱ्यांना दर वर्षी बजावलंय, विकत घेतल्याशिवाय ईवाला घोट द्यायचा नाही."