मंडळाचा टोप

चंद्राबाईनं नव्या कोऱ्या टोपावरच्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि एकेक जोडत वाचलं. 'महिला मंडळास सप्रेम भेट. सौ. नीला हैबती उतेकर.' पुन्हा वाचलं. नाव तेच.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला चाळीस घरांची वाडी, पण मंडळांना म्हणून तोटा नव्हता. देवळात भजनी मंडळ, मुंबईला ग्रामस्थ मंडळ. वीज जायची ती मंडळाची, गाडी चुकायची ती महामंडळाची. महिला मंडळ तेवढं चंद्राबाईनं दारोदार हिंडून उभं केलेलं. त्याच्याच साक्षरता वर्गात ती अक्षरं शिकली. आणि नवऱ्यानं नेमक्या त्या मंडळाला टोप दिला तो सवतीच्या नावानं. मंडळी दोन, पण नाव घालायची वेळ आली तेव्हा नवरोबाला एकच आठवली. गुरं राखायची, शेत करायचं, पोर वाढवायची हिनं, आणि सौभाग्यवती कोण, तर बिरवाडीच्या भाड्याच्या खोलीतली.

आज त्याच पोरीचं, रंजिताचं, लग्न. वऱ्हाड महाडहून निघालं होतं आणि भात याच टोपात शिजायचा होता.

"आक्का, तुला वाचता येतं ना?" नीला मागं येऊन उभी राहिली. "माझं नाव घातलंय म्हणाले हे. कुठं हाय ते दाखव."

चंद्राबाईनं मान वर केली नाही. "तुझं कुठलं गो? माझं हाय. सौ. चंद्राबाई हैबती उतेकर."

बोलली आणि जिवाला गार वाटलं. खोटं तर खोटं. आजच्या दिवशी तरी हिच्या तोंडावरचं तेज उतरू दे.

तेज उतरलंच. अक्षरांवरून नीलानं हलकेच हात फिरवला.

"म्हंजे मला पण फसवलं," ती म्हणाली. "जाऊ दे. पोरीच्या लग्नात आईचंच नाव पायजे."

तिनं पदर खोचला, वाकून टोपाची एक कडी धरली.

"मग हा इथं चुलीआड कशाला? मांडवाच्या तोंडाशी नेऊ. व्याही शिकलेले हायत, वाचू देत त्यांना. धर आक्का, तिकडनं."