नजर थांबेल तोच फोटो

इरावतीच्या लग्नाचे फोटो झटपट निवडून उरकले, तर तिचे सासरे भाऊरावांना दोन गोष्टी मिळणार होत्या: दुपारची झोप आणि अल्बमभर आपलाच फेटा. फोटो निवडणाऱ्या यंत्राच्या पडद्यावरून चिमुकले फोटो भराभर सरकत. बघणाऱ्यांपैकी कुणाचीही नजर थांबेल तो फोटो यंत्र राखी, बाकीचे कायमचे पुसून टाकी. भाऊराव आपला फेटा कधी येतो याचीच वाट बघत होते.

“सूनबाई, खांबाआडच्या त्या विधवा आत्याला काय न्याहाळतेस? पुढे चल!”

“तिनंच वाढवलंय मला, मामंजी. मांडवात तुम्ही तिला मागे सारलंत. इथे सारून दाखवा!”

इरावतीने पापणी न लववता आत्याचा एकेक फोटो राखला. भाऊराव संतापून सुनेकडेच डोळे वटारत बसले. पडदा राहिला बाजूला.

शेवटी हिशेब असा झाला: आत्या उरली, सुनेचे डोळे लाल झाले, आणि पुसला गेला तो फेटा.