पहिला उच्चार

आपल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीसाठी मूळपत्र, म्हणजे विचार मुळात कोणाचा याचा दाखला, घ्यायला प्राध्यापक विद्याधर सबनीस सरकारी नोंदणी केंद्रात आले. आता प्रत्येक विचार, तो ज्याने प्रथम मांडला त्याच्याच नावाने छापावा लागे. केंद्रातलं यंत्र पुस्तकं, पत्रं, जुन्या कॅसेट तपासून तो माणूस शोधून काढी.

सबनीस ओळखले जात ते एका वाक्यामुळे : दुःख वाटून घेता येत नाही, फक्त त्याच्या शेजारी बसता येतं. त्यावर नाटकं आली, शाळेत धडा लागला, रुग्णालयांत रोग्याजवळ बसणारी माणसं नेमली गेली.

"सर, नाव तुमचं नाही आलं," खिडकीतली मुलगी म्हणाली. "कुमुदिनी सबनीस आलंय. कोण या?"

"माझी पत्नी. पण तिचा तत्त्वज्ञानाशी काय संबंध? मी कॅसेटवर मजकूर सांगायचो, ती ऐकून स्वच्छ प्रत लिहायची."

"तुमच्याच कॅसेटवर सापडलंय, सर. हरकत असेल तर मॅडमना घेऊन या."

"मार्चमध्ये गेली ती."

मुलीने हेडफोन पुढे केला.

कुमुदिनीबाई बोलत होत्या. "अहो, देवस्थळ्यांकडे जाऊन आले. तरणा मुलगा गेला त्यांचा. काय बोलणार? दुःख काही वाटून घेता येत नाही. शेजारी बसता येतं, तेवढं बसले."

मागोमाग सबनीसांचाच तरुण आवाज आला. "कुमुद, मध्ये बोलू नकोस गं. रेकॉर्डिंग चालू आहे."

मग पुढचा मजकूर सुरू झाला. सबनीस कॅसेट संपेपर्यंत ऐकत राहिले. ती पुन्हा बोलली नव्हती.