अनुसयेचा रहाट

"हा बैल कोणाचा, असं पाटलाने विचारलं, आणि भिकी लाकडी बैलाचा दोर हातात धरून तशीच उभी राहिली."

ईश्वरदासने एवढं वाचून वर पाहिलं. समोर अनुसया रहाटावर सूत गुंडाळून कांड्या भरायला बसली होती. तिची मान खाली होती आणि उजव्या हाताने रहाट फिरतच होता. घर्र घर्र. एका फेऱ्यापुरताही तो अडखळला नव्हता.

त्याने कागद गुडघ्यावर ठेवला. ही गोष्टसुद्धा गेली.

ईश्वरदास तांडापेठेतल्या प्राथमिक शाळेत मास्तर होता. घर विणकरांचं. पुढच्या खोलीत त्याचे वडील, दादाजी, मागावर बसत आणि मधल्या खोलीत त्याची बायको त्यांच्यासाठी कांड्या भरत असे. ईश्वरदासला मात्र मुलांसाठी गोष्टी लिहायच्या होत्या. शाळेत तो गोष्ट सांगे तेव्हा मुलं खिडकीतून बाहेर बघायची विसरत. पण मुलांवर त्याचा विश्वास नव्हता. मुलं त्याच्या हातवाऱ्यांनाही हसत. लिहिलेली गोष्ट खरी की खोटी, हे अनुसयेवरून कळेल, असं त्याने मनाशी धरलं होतं. ऐकता ऐकता तिचा हात थांबला, रहाट बंद पडला, तर गोष्ट जमली.

रहाट कधी थांबला नाही. इतवारीच्या बाजारात हरवलेल्या बकरीची गोष्ट अर्ध्यावर राहिली. तलावातल्या म्हाताऱ्या कासवाची राहिली. संत्र्यांच्या गाडीला जुंपलेल्या आळशी बैलाची तर चांगली रंगली होती, पण ऐन चढावर त्याने वर पाहिलं, तर अनुसया आपली कांड्या भरत होती. गाडी अजून त्या चढावरच होती. दादाजी जेवताना म्हणाले होते की आमचा मास्तर नुसता उभ्या सुताचा ताणा लावतो, साडी काही मागावरून उतरत नाही.

आता तान्हा पोळा जवळ आला होता. महाल भागातल्या एका मुलांच्या मासिकाचे संपादक त्याच्या ओळखीचे झाले होते. त्यांनी पोळ्याच्या अंकात त्याच्यासाठी जागा राखली होती. उद्या संध्याकाळपर्यंत पूर्ण गोष्ट हवी. अर्धी आणली तर यापुढे मी विचारणार नाही, असं त्यांनी हसत हसत, पण स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून त्याने ही सुताराच्या पोरीची गोष्ट घेतली होती. तान्ह्या पोळ्याला पोरं आपापले चाकांवरचे लाकडी बैल सजवून रांगेत आणतात. भिकीने उरल्यासुरल्या लाकडाचा बैल स्वतः केला होता. बैल तिरपा चालायचा. पोरांच्या रांगेत ती पोर मागून हळूच शिरली होती.

पुढे काय झालं, ते त्याने लिहिलं नव्हतं. आता लिहिण्यात अर्थही नव्हता. संपादकांना उद्या जाऊन सांगायचं, की हे आपलं काम नाही. शाळा बरी, पाढे बरे. त्याने कागदाची घडी केली आणि बाकीच्या गोष्टींजवळ ठेवायला तो फडताळाकडे निघाला.

फडताळ अनुसयेच्या पाठीमागे होतं. तिथून त्याला रहाटाची पलीकडची बाजू दिसली. चातीच्या फिरत्या टोकावर कांडी नव्हती. सूतही नव्हतं. भरलेल्या कांड्यांची टोपली बाजूला काठोकाठ भरून ठेवलेली होती, आणि अनुसया रिकामा रहाट फिरवत होती.

"सूत कुठी हाय वं?" त्याने विचारलं.

"हळू बोला," ती म्हणाली. तिचा हात चालूच होता. "कांड्या सकाळीच झाल्या."

"मग हे काहून फिरवून राहिली?"

तिने सासरे बसत त्या पुढच्या खोलीकडे मान वळवली. "रहाट थांबला का मामाजी हाक मारतात. धागे जोडाले बसवतात. मग पुढचं मी कसं आयकू?"

ईश्वरदास तिथेच खाली बसला. ती पहिल्यापासून असंच करत आली होती. बकरीच्या वेळीही आणि कासवाच्या वेळीही. तो वाचायला बसायच्या आत ती कांड्या उरकून ठेवायची. आणि दर वेळी तो मधेच कागद गुंडाळून उठायचा. याला शेवट सांगायचा नसेल, असं ती समजायची. विचारायला तिला संकोच वाटायचा.

आज मात्र तिने विचारलं. "त्या पोरीनं पाटलाले काय सांगतलं? आन् तो गाडीचा बैल चढ चढला का नाही?"

गाडीचा बैल चढेल, असं तो म्हणाला. पण आधी ही पोर. कागदावर पुढे एक अक्षर नव्हतं, तरी त्याला काही अडचण वाटली नाही. वर्गात सांगतो तसं तो सांगू लागला. भिकीने आधी पाटलाकडे पाहिलं, मग रांगेतल्या पोरांकडे पाहिलं. एक पोरगा म्हणाला, हा बैल लंगडा आहे. भिकी म्हणाली, लंगडा नाही, तो वळणाच्या रस्त्यावर शिकलेला आहे. अनुसया रहाट सोडून तोंडाला पदर लावून हसली. सवयीने तिचा हात रहाटाकडे गेला आणि ती पुन्हा तो फिरवू लागली. ईश्वरदासला आता त्याचं काही वाटेना. त्याने आवाज थोडा चढवला.

तेवढ्यात पुढच्या खोलीतून दादाजींचा आवाज आला. तेव्हा कुठे दोघांच्या लक्षात आलं, की तिकडचा माग बऱ्याच वेळापासून बंद आहे.

"सूनबाई, तो रहाट ठेव वं आता," दादाजी म्हणाले. "रोज त्याच्या आवाजात मले अर्धी गोष्ट आयकूच येत नाही."