अख्खं गाणं

"अगं, जरा मागे हो! तुझ्या आवाजानं सुई उडते!" भिंतीपलीकडून हार्टविग साहेब ओरडला, तशी मोझेल कर्ण्यापासून मागे सरकली.

कर्ण्याचं रुंद तोंड या खोलीत, तर निमुळती शेपूट पलीकडे, यंत्राच्या खोलीत. साहेब तिकडे ऊन मेणाच्या तबकडीवर गाणं कोरून घेत होता. अटलांटातली ही भाड्याची खोली आवाज घुमू नये म्हणून घोंगड्यांनी मढवलेली, त्यात भर दुपार; आत जीव नुसता उकडून निघत होता. संध्याकाळच्या गाडीनं साहेब न्यूयॉर्कला परतणार होता. मोझेल टारव्हरची रेकॉर्ड निघायची तर आजच. नाहीतर आहेतच मग तंबूतले खेळ आणि लोकांची धुणी.

पहिलं मेण फक्त ऐकून बघायचं. एकदा ऐकलं की ते गेलं. सुई फिरताना मऊ मेणावरचं गाणं खरवडून जातं. साहेबानं सुई टेकवली. कर्ण्यातून मोझेलचा आवाज आला. आपलाच आवाज असा बाहेरून ऐकताना तिला हसू फुटलं. दुसऱ्या कडव्याला ते हसू जागच्या जागी विरलं. तिच्या आवाजाला लागून आणखी एक आवाज गात होता. खालच्या पट्टीत, प्रत्येक ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी किंचित अडखळणारा.

साहेब दार ढकलून आत आला. "ही दुसरी कोण गातेय?"

"कोणी नाही, साहेब."

त्यानं घोंगड्या उचलून पाहिल्या, पियानोमागे डोकावून पाहिलं. "मला काय खुळा समजतेस? मैत्रीण असेल नाहीतर बहीण असेल, तिला घरी पाठव. एकच मेण ऊन उरलंय. पुन्हा असला पोरखेळ केलास तर तुझी जागा दुसरीला!" दार आपटून तो गेला.

पियानोवर म्हातारा एसाव बसला होता. तंबूत आणि त्याआधी चर्चमध्ये, टारव्हरच्या दोन्ही पोरींना त्यानंच साथ केलेली.

"लुवीनी होती ती," तो म्हणाला.

"काका, गप्प बसा."

"दोघींना धड चालता येत नव्हतं तेव्हापासून ऐकतोय तुम्हाला. मला शिकवू नकोस. गाणं तिचंच ना?"

गाणं लुवीनीचंच होतं. थोरल्या बहिणीनं धुण्याच्या हौदापाशी ओळीला ओळ जोडत रचलेलं. गेल्या हिवाळ्यात छातीच्या तापानं ती गेली. 'गाणं माझं आहे' असं साहेबाला सांगताना मोझेलची जीभ जराही चाचरली नव्हती.

"तिच्या थडग्यावर काय काय ठेवलंत?" एसावनं विचारलं.

"तिचा कप. पाण्याचा जग. आरसा."

"कसे ठेवलेत?"

"फोडून. आईनं स्वतःच्या हातानं फोडले."

"का?"

शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट म्हातारा विचारत होता. "वस्तू अख्खी राहिली तर गेलेलं माणूस तिच्यासाठी परत येतं म्हणून."

"आणि गाणं तेवढं अख्खं उचलून आणलंस."

मोझेलला भीती वाटली आणि रागही आला. जिवंत होती तोवर लुवीनी लोकांसमोर धाकटीच्या आवाजाआड दडून गायची, आणि आता बरा कंठ फुटलाय बाईला!

"मग मोडते मी ते," ती म्हणाली. "शेवटची ओळ गात नाही. तुम्ही वाजवत राहा."

उरलेलं मेण चढलं. मोझेल गायली, आणि अशी गायली की एसाव मधेच मान वर करून बघू लागला. शेवटच्या ओळीशी ती आली. 'दिवा विझवू नकोस गं, यायला मला उशीर होईल.' तिनं ओठ मिटून घेतले आणि वर तळहात दाबून धरला. पियानो एकटाच वाजत राहिला. दोघंही कान टवकारून ऐकत होती. खोलीत दुसरं कोणीही गायलं नाही.

पलीकडे यंत्र थांबल्याची घंटा वाजली. गाणं संपलं होतं. एसावनं कपाळ पुसलं. "सुटलीस, पोरी."

साहेब आला तो तबकडी तळहातांवर तोलत, बगलेत भिंग आणि तोंडभर हसू घेऊन. "आधीच असं गायला काय झालं होतं? भिंगातून बघूनच आलोय. आवाज नसला की रेघ सरळ जाते, असला की थरथरते. आणि ती शेवटची ओळ! सुई बाहेर फेकली जातेय की काय असं वाटलं मला. कुठे दडवून ठेवली होतीस एवढी ताकद?"

एसावचा हात पट्ट्यांवर पडला आणि पियानो बेसूर वाजला.

"साहेब, एकदा वाजवून बघू या," मोझेल म्हणाली.

"डोकं फिरलंय का? वाजवलं की संपलं."

"ठाऊक आहे मला. तरी वाजवा. मला रेकॉर्ड नको."

साहेब मोठ्यानं हसला. पहिल्या रेकॉर्डला घाबरणाऱ्या बाया त्यानं पुष्कळ पाहिल्या होत्या. त्यानं तबकडी पेटीत ठेवली, झाकण लावलं, कडी घातली. "घरी कोण असतं तुझ्या?"

"आई. एकटीच."

"ग्रामोफोन आहे?"

"माझ्या रेकॉर्डसाठी घेऊन ठेवलाय तिनं."

"मग पहिली रेकॉर्ड तिलाच पाठवतो. आपल्या लेकीचा आवाज लगेच ओळखेल बघ!"

मोझेल पेटीकडे बघत राहिली.

"ओळखेल, साहेब," ती म्हणाली. "शेवटच्या ओळीला ओळखेल. आणि मग रोज रात्री दिवा तेवता ठेवून दाराशी बसेल."